रायापूरच्या नकाशातली पाण्याची वाट

जमीन मोजायची साखळी तेहतीस फूट लांब असते आणि तिचे सोळा आणे असतात. हे आणे खिशातले नव्हेत. साखळीचा सोळावा भाग तो आणा, म्हणजे सुमारे दोन फूट. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढ्या जागेला गुंठा म्हणतात आणि असे चाळीस गुंठे झाले की एकर होतो. धारवाड-हुबळीकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ या एवढ्याशा हिशेबात आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं सोयरिकीत. मी सरकारी मोजणीदार होतो, त्यामुळे पहिल्या निम्म्यांशी माझा तीस वर्षं संबंध आला. दुसऱ्या निम्म्यांशी येतो तेवढा सगळ्यांचाच येतो.

पेन्शन घेऊन आता चार दिवाळ्या झाल्या. या अंकाचे संपादक आमच्या शेजारचे. त्यांनी सांगितलं, तुमच्या खात्यातलं काही गमतीचं लिहा. मी म्हटलं, आमच्या खात्यात गंमत नसते, ती बांधावर असते. तेव्हा बांधावरचंच लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा काम मुख्यतः शेताचं होतं. दोघा भावांच्या वाटण्या, सरकलेला दगड, नांगराने खाल्लेला बांध. पुढे दोन्ही गावं अंगाबाहेर वाढायला लागली. हुबळीत कापसाचा बाजार आणि रेल्वेचा कारखाना, धारवाडात कचेऱ्या, कोर्ट आणि शाळा. कारकून, मास्तर, वकील सगळ्यांना आता गावाबाहेर, हवेशीर, चार झाडं लावता येतील असं घर हवं होतं. शेतजमिनीवर घर बांधायचं तर आधी ती बिनशेती करून घ्यावी लागते. त्यासाठी कलेक्टर कचेरीची मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी लागतो मोजणीदाराचा नकाशा. म्हणजे घर मागणाऱ्याचा अर्ज आणि शेत राखू पाहणाऱ्याची तक्रार ही दोन्ही माझ्याच टेबलावर यायची. मधे माझी पेन्सिल.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. हुबळीचे एक आडतवाले शेटजी, मूळचे सांगलीकडचे, गोकुळ रोडच्या बाजूला कारखान्यासाठी जागा घेत होते. उन्हात लोखंडी साखळी तापून वाढते हे त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. त्यांचा हट्ट असा, की आमची मोजणी भर दुपारीच करा आणि शेजाऱ्याची करायची ती सकाळी सातला. वैशाखातल्या उन्हात छत्री धरून ते स्वतः साखळीबरोबर चालले. माझा साखळीवाला फकीरप्पा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि खात्यातल्या कुणालाही न भिणारा. तो म्हणाला, "साखळी वाढती केसाएवढी, शेटजी वाढत्यात हातभर." शेटजींना राग आला नाही. ते म्हणाले, "केस तर केस, आपला तो आपला."

चांगलं काही केलं नाही असं नाही. धारवाडात एका वसाहतीचा रस्ता मी अर्ध्या साखळीने वाकवला आणि आंब्याची सात जुनी झाडं वाचवली. आज त्या वळणावर सायकलवाले पडतात आणि ज्याने हा रस्ता आखला त्याला शिव्या देतात. शिव्या मी आनंदाने खातो, आंबे ते खातात. पण हुबळीच्या बाजूची काळीभोर जमीन, जिथं ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची, तिचे तुकडे माझ्याच हातांनी पाडले. विद्यानगरच्या बाजूला कधी गेलो तर घरं बघून बरं वाटतं आणि पायाखालची माती आठवून वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आता रायापूरची गोष्ट सांगतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही हकीकत. धारवाडच्या काही कारकून, मास्तर आणि वकील मंडळींनी मिळून घरबांधणीची सोसायटी काढली. चिटणीस होते रघुनाथअण्णा, दिवाणी कोर्टातले वकील. माणूस मोठा उत्साही. हुबळीच्या रस्त्याला, रायापूरच्या अलीकडे त्यांनी जागा हेरली. तिथं नीलव्वा नावाच्या विधवा बाईचं शेत होतं. शेताच्या खालच्या अंगाला गावची केरे, म्हणजे तळं. आसपासच्या वस्तीचं पिण्याचं पाणी तेच आणि म्हशींचंही तेच. सोसायटीला नीलव्वाचं सगळं शेत हवं होतं. दिरांची तयारी होती, तिची नव्हती.

या सोसायटीचा मीही सभासद होतो. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन झालो होतो. धारवाडात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि आमच्या सौभाग्यवतीला, उमाला, स्वतःचं घर हवं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तिने दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. दुसऱ्यांना घरासाठी जागा आखून देणाऱ्या माणसाला स्वतःचं घर नाही, यावरून ती मला सणासुदीला पाहुण्यांसमोर टोमणे मारायची. ते मला आवडायचे, कारण ते खरे होते.

जुना नकाशा उघडून बघितला तर त्यात मला तोड सापडली. नीलव्वाच्या शेताच्या वरच्या बाजूला खडकाळ माळ होता. आणि माळापासून केरीपर्यंत शेताच्या कडेने एक लांब पट्टा होता, त्यावर शेरा होता 'पोटखराब'. शेताच्या हद्दीत असून जिथं पीक येत नाही, सारा लागत नाही, त्या जागेला आम्ही पोटखराब म्हणतो. मी सुचवलं, पिकाच्या जमिनीला हात लावू नका. माळ घ्या आणि हा पोटखराब पट्टा घ्या. नाही तरी तिथं काही पिकत नाही. घरंही होतील आणि शेतही राहील. सगळे खूश झाले. दीर कबूल झाले, रघुनाथअण्णांनी माझी पाठ थोपटली. साहेबांनी फाईलवर लिहिलं, मोजणीदाराने विवेक दाखवला. तेवढी एक ओळ मी उमाला घरी येऊन दोनदा वाचून दाखवली.

प्लॉटांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमची चिठ्ठी उमाने उचलली. पट्ट्यातला प्लॉट निघाला, पूर्वेकडे तोंड असलेला. तिने त्याच दिवशी ठरवलं की स्वयंपाकघर पूर्वेला आणि न्हाणीघराचं पाणी केळीला.

शेत राहिलं एवढंच कानावर आलं म्हणून नीलव्वाने मला शिगी हुण्णिमेला जेवायला बोलावलं. तुमच्याकडे त्या दिवशी कोजागरी असते. आमच्याकडचे शेतकरी त्या दिवशी बैलगाडीतून घरादारासकट शेतात जातात. शमीखाली पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजतात आणि पोटुशी असलेल्या काळ्या आईला जेवू घालतात. याला चरगा म्हणतात. ज्वारीची भाकरी, वांगं, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, पुरणाचे कडुबू, दहीभात, सगळं कालवून टोपलीत घ्यायचं आणि शेतभर टाकत फिरायचं. मागून एक जण पाणी शिंपडत येतो आणि मोठ्याने हाळी देतो. मी तीस वर्षं शेतं फिरलो, पण चरग्याच्या मागे चाललो ते त्याच दिवशी.

नीलव्वा पुढे, टोपली कमरेवर. ती प्रत्येक कोपऱ्यात थांबायची, खुणेच्या दगडालाही एक घास ठेवायची. मोजणीदार म्हणून मला कौतुक वाटत होतं, कारण बाई माझ्या नकाशाच्या रेघेवरून चालली होती. त्या पोटखराब पट्ट्याशी आली मात्र, आणि थांबली. हाळी देणारा गप्प झाला. ती पट्ट्याच्या कडेकडेने गेली आणि तिथं एक शीतही टाकलं नाही.

मी विचारलं, "इथं का नाही?"

"अद नम्मदल्लरी, केरीदु," ती म्हणाली. ते आमचं नव्हे, केरीचं. तिचं पुढचं कानडी मराठीत देतो. "माळावरचं सगळं पाणी इथनं केरीत जातंय. त्याच्या वाटंत अन्न टाकून काय करायचं? माझ्या सासूनं कधी टाकलं नाही, तिच्या सासूनं टाकलं नाही. तुमच्या कागदात हे नाही काय?"

आमच्या कागदात ते नव्हतं. का नव्हतं, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आमच्या खात्याची रीत अशी, की पाऊस संपला की बाहेर पडायचं, उन्हाळाभर मोजायचं आणि पाऊस लागला की कचेरीत बसून नकाशे काढायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच. सबंध जिल्हा आम्ही कोरडा बघितला आणि कोरडाच काढला. ज्या कुणी पहिल्यांदा हा पट्टा मोजला त्याला चैत्रात तिथं वाळकं गवत दिसलं. त्याने पोटखराब लिहिलं आणि पुढे गेला. मीही तेच वाचलं. शेत वाचवायचं म्हणून मी घरं उचलून नेमकी पाण्याच्या वाटेवर ठेवली होती.

घरी काही बोललो नाही. बांधकाम खात्यातल्या मित्राकडून तिपाईवरची लेव्हलची दुर्बीण आणली आणि फकीरप्पाला घेऊन उतार बघितला. आकडे नीलव्वाच्या बाजूचे होते, पण ओरडून सांगण्याएवढे नव्हते. उतार अगदी मंद. तिथं पाणी वाहत असेलही, नुसतं मुरत असेलही. फकीरप्पा म्हणाला, "साहेब, माझं डोकं म्हणतंय वाहतंय. तुमच्या दुर्बिणीला काय म्हणायचं ते म्हणू द्या."

मी रघुनाथअण्णांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले. "अहो मोजणीसाहेब, बाई भात कुठं टाकत नाही त्यावरून आता नकाशे काढायचे काय? मंजुरी येत आली आहे. तुम्हाला एवढी शंका असेल तर असं करू. वरच्या रांगेत माळावर एक प्लॉट शिल्लक आहे, तो तुम्ही घ्या. तुमचा आपण त्या गदगच्या मास्तरांना देऊ. ते नवीन सभासद, त्यांना कुठलाही सारखाच."

हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी त्यांना नाही म्हटलं नाही. विचार करतो म्हणालो आणि आठ दिवस विचार केला. म्हणजे काय केलं, तर फाईलकडे बघितलं नाही. साहेबांची ती शाबासकीची ओळ, उमाचं पूर्वेचं स्वयंपाकघर आणि पाणी कदाचित येणारही नाही ही आशा, एवढ्या तिघांनी माझा हात धरून ठेवला होता.

नवव्या दिवशी गदगचे मास्तर स्वतःच कचेरीत आले. साधा माणूस, डोक्याला रुमाल, हातात छत्री. रघुनाथअण्णांनी त्यांना माझा प्लॉट कळवून टाकला होता. ते म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात. विहीर कुठल्या अंगाला घ्यावी तेवढं सांगा. आमची आई अंथरुणाला खिळून आहे, तिची खोली ओलीला नको."

मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, आठवडाभराने सांगतो. ते गेल्यावर फाईल काढली आणि नकाशावर त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या शाईची रेघ ओढली. मधे लिहिलं, 'पाण्याची वाट, मोकळी सोडणे'. नऊ प्लॉट गेले, त्यात माझा पहिला. माळावरचा शिल्लक प्लॉट गदगच्या मास्तरांना द्यावा असं वेगळ्या कागदावर लिहिलं. तो मी घेतला असता तर रेघ स्वतःसाठी ओढली असं कुणीही म्हणालं असतं.

साहेबांनी बोलावून घेतलं. "जुन्या नकाशात पाणी नाही. तुमच्याकडे पुरावा काय?"

मी म्हटलं, "लेव्हलचे आकडे आणि नीलव्वा."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "मंजुरी पावसाळ्यापर्यंत थांबवतो. पाणी आलं तर तुमचा नवा नकाशा. नाही आलं तर पहिला कायम, आणि तुमच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा."

उमाला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "म्हणजे एका बाईच्या चरग्यावरून घर सोडलंत." पुढची भाकरी तव्यावर टाकली. "आणि माळावरचंही दुसऱ्याला देऊन आलात." मग पुढचे आठ महिने तिने एकही टोमणा मारला नाही. त्याआधी टोमण्यांची मला इतकी सवय होती, की घरात करमेना.

मृग कोरडा गेला. आर्द्रा नुसत्या भुरभुरून गेल्या. रघुनाथअण्णा कोर्टाच्या वाटेवर भेटायचे आणि छत्री मिटूनच विचारायचे, "काय मोजणीसाहेब, आली का गंगा?" सोसायटीतले लोक समोरून येताना रस्ता बदलायला लागले. त्यांचाही काही दोष नव्हता, भाड्याच्या खोल्या त्यांनाही चावत होत्या. मी दर दोन दिवसांनी सायकलवरून जाऊन पट्टा बघायचो. गवत ओलं असायचं, एवढंच. एकदा नीलव्वा बांधावर भेटली. तिला विचारलं, "यंदा आलंच नाही तर?" ती म्हणाली, "केरे काय तुमची नोकर आहे होय? येईल तेव्हा येईल." तिला धीर द्यायचा नव्हता आणि तो मला मिळालाही नाही.

पुनर्वसू लागलं आणि पावसाने बैठक मारली. धारवाडचा पाऊस गडगडाट करत नाही, तो नुसता पडत राहतो. पाच दिवस पडला. सहाव्या दिवशी सकाळी जरा उघडलं, तेव्हा मी बूट चढवत होतो. उमा आतून शाल घेऊन बाहेर आली. "मीही येते," ती म्हणाली. "मला बघू दे काय आहे ते." तोवर तिने ती जागा टांग्यातून जाता-येता रस्त्यावरूनच पाहिली होती. घर झाल्यावर पाय ठेवायचा, आधी नाही, असं तिचंच म्हणणं होतं.

टांगा रस्त्यावर थांबवून आम्ही माळाच्या कडेने चालत गेलो. मी पुढे होतो आणि मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं. चढ संपला आणि पाणी दिसलं. माळावरून येऊन, माझ्या दोन निळ्या रेघांच्या मधे, सबंध पट्टाभर ते चाललं होतं. खळखळ नाही, काही नाही. गवताचे शेंडे केरीकडे झुकले होते, आणि खाली केरे काठोकाठ भरत होती. माझे डोळे भरून आले, ते मी वाऱ्यावर ढकललं. पुढे साहेब येऊन बघून गेले, नवा नकाशा मंजूर झाला, रघुनाथअण्णांनी घरी पेढे आणले, ते सगळं यथावकाश झालं. त्या सकाळी तिथं आम्ही दोघंच होतो.

उमाने विचारलं, "आपला कुठला?"

मी हाताने दाखवला. पट्ट्याच्या बरोबर मध्यावर.

तिने वहाणा काढून काठावर ठेवल्या, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. गवतातून सावकाश चालत तिथवर गेली आणि उभी राहिली. "इथं?"

"दोन पावलं पुढे."

ती दोन पावलं पुढे झाली. पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली आणि पायांवरून जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. मी काठावर, पायात सरकारी बूट. ती म्हणाली, "या की. गावभर लोकांच्या जागा मोजत फिरलात, आपली तेवढी काठावरून बघताय होय?"

आठ महिन्यांनी तिने मला टोमणा मारला होता. मी बूट काढले, धोतर खोचलं आणि तिच्याजवळ गेलो. पाणी घोट्याच्या वर होतं आणि थंडगार होतं. तिने माझा दंड धरला. आम्ही अजून भाड्याच्या त्याच दोन खोल्यांत राहतो. आमच्या जागेत आम्ही दोघं उभे राहिलो ते तेवढंच.